ऑर्व्हिलने ब्रॅकेट कॉलेज खाल्लं त्याची हकीकत

"कॉन्फरन्सचे गट पाडायचे म्हणजे भूगोल आला! आणि भूगोलात माझा हात धरणारा अख्ख्या नेब्रास्कात कोण आहे, ते दाखव!"

ऑर्व्हिल टेस्डालने ही घोषणा केली तेव्हा स्वयंपाकघरात त्याच्या बायकोशिवाय कोणी नव्हतं. इडेला बटाटे सोलत होती. तिने काही कोणाला दाखवलं नाही.

शहाण्णव सालचा एप्रिल होता. ऑर्व्हिलने टॉलिव्हरच्या शाळेत अडतीस वर्षं भूगोल शिकवला होता आणि निवृत्त होऊन चार वर्षं झाली तरी रस्त्यात कोणी भेटलं की तो आधी त्याला दिशा विचारी. पण आजचा प्रश्न शाळेचा नव्हता, फुटबॉलचा होता. म्हणजे आयुष्याचा होता!

झालं होतं असं, की टॉलिव्हर कॉलेज ज्या कॉन्फरन्समध्ये, म्हणजे कॉलेजांच्या साखळीत, खेळायचं, तिच्यात दहा कॉलेजं होती. आता आणखी दोन घ्यायची, बारा करायची आणि सहा-सहाचे दोन गट पाडायचे, असं घाटत होतं. आपल्या गटातल्या पाचांशी मॅच दरवर्षी. दुसऱ्या गटातल्यांशी जमेल तेव्हा, म्हणजे चार वर्षांतून एकदा. कागदावर हे सगळं छान दिसतं. पण मधून वाहते प्लॅट नदी. टॉलिव्हर नदीच्या उत्तरेला, ब्रॅकेट दक्षिणेला. कोणी शहाण्याने नदी बघून उत्तर-दक्षिण असे गट पाडले, तर टॉलिव्हर विरुद्ध ब्रॅकेट ही मॅच दरवर्षी होणार नव्हती.

आणि ब्रॅकेटच्या बाजूला डेल्मर कुचेरा होता.

ऑर्व्हिल आणि डेल्मर पहिल्यांदा भेटले ते अठ्ठेचाळीस साली, मैदानावर, आणि भेटले म्हणजे अक्षरशः एकमेकांवर आदळले. अमेरिकन फुटबॉलमध्ये तेव्हा कातड्याची शिरस्त्राणं असत, तोंडापुढे जाळी नसे. डेल्मरचा एक दात टॉलिव्हरच्या चिखलात राहिला. मॅच संपल्यावर दोघं गुडघ्यांवर बसून तासभर तो शोधत होते. दात सापडला नाही, पण ओळख झाली.

तेव्हापासून दर नोव्हेंबरच्या दुसऱ्या शनिवारी दोघं आपापले ट्रक मैदानाबाहेर पाठीला पाठ लावून उभे करत. मागची फळी पाडायची की झालं टेबल! डेल्मर पातेलंभर झणझणीत चिली, म्हणजे खिमा-राजम्याचा रस्सा, आणणार, ऑर्व्हिल इडेलाने भाजलेले दालचिनीचे रोल आणणार. डेल्मर गुरांचा डॉक्टर, राहायला चाळीस मैलांवर. पण एकमेकांच्या घरी जाणं नाही, पत्र नाही, काही नाही. वर्षातले चार तास, बस! सगळं आयुष्य त्या चार तासांत सांगून व्हायचं. डेल्मरचं लग्न ठरल्याची बातमी तिसऱ्या सत्रात कळली. ऑर्व्हिलची आई गेल्याचं मध्यंतरात. आणि डेल्मरची बायको गेली, त्या वर्षी तो चिलीत पळी फिरवत एवढंच म्हणाला, "हेझेल गेली. मार्चमध्ये." ऑर्व्हिलने त्याच्या वाडग्यात एक रोल जास्त ठेवला, आणि मग दोघांनी मॅच संपेपर्यंत पंचांच्या नावाने मनसोक्त शंख केला.

ऑर्व्हिल आता एकोणसत्तर वर्षांचा होता, डेल्मर सत्तरचा. मॅच चार वर्षांतून एकदा झाली तर अजून किती वेळा भेट होईल, याचा ऑर्व्हिलने मनातल्या मनात हिशेब केला. उत्तर त्याला आवडलं नाही. म्हणून त्याने नकाशा काढला.

राज्याचा मोठा नकाशा टेबलावर पसरला आणि प्रत्येक कॉलेजच्या गावावर एकेक वस्तू ठेवली. कुठे मीठदाणी, कुठे मिरपूड, कुठे इडेलाचं अंगुस्तान. टॉलिव्हरवर स्वतःचं घड्याळ. आणि ब्रॅकेटवर, डेल्मरचा मान म्हणून, ताजा दालचिनीचा रोल!

मग तो रेषा आखायला बसला. सरळ रेषा कामाची नव्हती. वाकडी आखली तर कोणीतरी विचारलं असतं, ही वाकडी का? तीन तास गेले. चार कप कॉफी गेली. विचार करताना माणसाचं डोकं एकीकडे असतं आणि हात दुसरीकडे. शेवटी एकदाची सापडली! वायव्येकडून आग्नेयेकडे जाणारी तिरकी, देखणी रेषा, अशी की नदीचा प्रश्नच मिटला. ऑर्व्हिलने नकाशावर पातळ कागद टाकला, जिथे जिथे वस्तू तिथे तिथे गोल काढला, खालचं गावाचं नाव वाचून वर लिहिलं. गोल मोजले, बरोबर बारा. नावांकडे पुन्हा बघायला त्याला सवड कुठली? तो रेषेच्या प्रेमात पडला होता! ही अकरावी खेप होती, म्हणून वर ठळक अक्षरांत लिहिलं, 'कॉन्फरन्सची नवी रचना: अंतिम'.

दुसऱ्या दिवशी त्याने गावच्या वाचनालयात जाऊन त्याची नक्कल काढली, नक्कल पाकिटात घालून कॉन्फरन्सच्या कचेरीला पाठवली आणि शीळ घालत घरी आला. मूळ कागद यंत्राच्या काचेवरच राहिला. तो ग्रंथपाल नायला फ्लोडीनला सापडला. आणि नायलाचा नवरा गावातलं साप्ताहिक चालवायचा!

गुरुवारी सकाळी इडेला चष्मा लावून ते साप्ताहिक वाचायला लागली.

"ऑर्व्हिल, गट ठरले म्हणे."

"काय सांगतेस! तिरके?"

"तिरके. नकाशा छापलाय. 'नवी रचना अंतिम. ब्रॅकेटला डच्चू, प्लम हॉलोला प्रवेश!'"

"कुणाला प्रवेश?"

"प्लम हॉलो. लोकसंख्या एकशे ब्याऐंशी."

"तिथे कॉलेज कुठंय? तिथे धान्याची कोठी आहे फक्त!"

"हस्ताक्षर तुझं आहे," इडेला म्हणाली.

ऑर्व्हिलने पेपर ओढून घेतला. अक्षर त्याचंच होतं. त्याने टेबलाकडे पाहिलं, डोळे मिटले, आणि तो दिवस आठवायला लागला. मीठदाणी होती. घड्याळ होतं. रोल... रोल कुठे होता?

"इडेला," तो बारीक आवाजात म्हणाला, "रोल मी खाल्ला."

"खाल्लास ना. मी बघितलं. वर बोटंही चाटलीस."

"मग बारा कसे भरले?"

"मी बटाट्यांना जागा करत होते तेव्हा मधाची बाटली तिथे सरकवली. नकाशावर ठेवायची नसते हे मला काय माहीत?"

तेवढ्यात फोन वाजला. कॉलेजच्या अध्यक्षांची चिटणीस विचारत होती, हे अंतिम कोणी केलं? दुसरा फोन ब्रॅकेटहून. त्या गृहस्थाने नाव सांगितलं नाही, ऑर्व्हिलला मात्र बरीच नावं ठेवली. तिसरा फोन घेताना ऑर्व्हिलने रिसीव्हर कानापासून वीतभर लांब धरला. पण हा आवाज गोड होता.

"टेस्डाल सर? मी व्हर्ना प्रोबास्को, प्लम हॉलोची महापौर. कोठीही मीच बघते. सर, सकाळपासून सगळं गाव जमलंय. आमचा एकच प्रश्न आहे, आधी मैदान करायचं की आधी कॉलेज बांधायचं?"

"बाई, ऐका, ते जरा..."

"मैदान ना? मीही तेच म्हटलं! शनिवारी दुपारी या. बायकोला आणा. सत्कार आहे!"

आणि फोन बंद!

"आता तोंड कसं दाखवू?" ऑर्व्हिल म्हणाला.

"समोरून," इडेला म्हणाली. "जायचं आणि खरं सांगायचं. मी रोल घेते बरोबर."

"रोल नको!"

शनिवारी दोघं प्लम हॉलोला पोचले. कोठीमागचं कुरण कापून सपाट केलं होतं. पांढऱ्या चुन्याच्या रेषा मारल्या होत्या. दोन्ही टोकांना शेताला पाणी द्यायच्या जुन्या पाइपांचे गोलपोस्ट जोडून उभे केले होते, एक जरासा डावीकडे कललेला. गावातली यच्चयावत माणसं, झाडून सगळी, सभागृहात जमली होती. व्हर्ना साठीची, दणकट बाई. तिने त्याचा हात असा हलवला की खांदा निखळायचाच बाकी राहिला.

"आमची शाळा एकाहत्तरला बंद झाली, सर," ती म्हणाली. "शाळेबरोबर टीमही गेली. पंचवीस वर्षं या गावाला शुक्रवारी मॅच नाही, ओरडायला काही नाही. लोक घरात एकमेकांवर ओरडतात."

यावर खरं कसं सांगायचं? ऑर्व्हिल व्यासपीठावर चढला. घसा खाकरला. "मित्रहो, नकाशा ही एक मोठी जबाबदारीची वस्तू आहे..." त्याने सुरुवात केली, आणि दार धाडकन उघडलं.

दारात डेल्मर कुचेरा उभा होता. हातात पेपरची सुरळी. टॉलिव्हरच्या घरी जाऊन, तिथे शेजाऱ्यांना विचारून तो इथवर आला होता. अठ्ठेचाळीस वर्षांत त्या दोघांनी एकमेकांना नोव्हेंबरखेरीज पाहिलं नव्हतं. कोट-टोपीशिवाय डेल्मर किती वाळलेला दिसतो, हे ऑर्व्हिलला त्या क्षणी पहिल्यांदा कळलं.

"टेस्डाल!" डेल्मर गरजला. "अठ्ठेचाळीस वर्षं माझी चिली खाल्लीस, आणि शेवटी माझं कॉलेजच खाल्लंस?"

ऑर्व्हिलचा चेहरा पांढराफटक पडला.

"तुला कोणी सांगितलं?" त्याने विचारलं. मग तो इडेलाकडे वळला. "तू सांगितलंस?"

"काय सांगितलं?" डेल्मर गोंधळला.

मग सांगावंच लागलं. नदी, गट, तिरकी रेषा, रोल, मधाची बाटली, सगळं. "मॅच वाचवायला बसलो होतो रे," ऑर्व्हिल म्हणाला. "तू दिसावास दरवर्षी, म्हणून." एवढं म्हणून तो बुटांकडे बघत राहिला.

डेल्मरने पेपरची सुरळी उलगडली, पुन्हा गुंडाळली.

"कसा होता?" त्याने विचारलं.

"काय?"

"रोल."

"चांगला होता."

पहिल्यांदा हसली ती इडेला. मग डेल्मर हसायला लागला, तो खांबाला धरून! त्याच्यामागे अख्खं गाव. फक्त व्हर्ना हसत नव्हती.

"म्हणजे आम्ही मधाची बाटली?" ती म्हणाली.

"हो, बाई. माफ करा."

व्हर्नाने खिडकीतून मैदानाकडे बघितलं. "तीन दिवस वेल्डिंग केलंय," ती म्हणाली. पण सगळ्यांना जेवायला वाढायला तीच आधी उठली.

पुढच्या आठवड्यात कॉन्फरन्सच्या कचेरीचं पत्र आलं. आपण दाखवलेल्या आस्थेबद्दल आभारी आहोत. गटांचा निर्णय मात्र जानेवारीतच झाला असून, कोणालाही भौगोलिक अन्याय वाटू नये यासाठी गट इंग्रजी वर्णानुक्रमे पाडले आहेत. पहिली सहा कॉलेजं एका गटात, उरलेली दुसऱ्यात. ब्रॅकेट बी वरून, टॉलिव्हर टी वरून!

ऑर्व्हिलने पत्र दोनदा वाचलं. नदी आडवी आली असती तर त्याला एवढं लागलं नसतं. अडतीस वर्षं भूगोल शिकवलेल्या माणसाला मुळाक्षरांनी हरवलं होतं!

त्याने डेल्मरला चार ओळी लिहून कळवलं. डेल्मरने ते पत्र वाचून व्हर्नाला फोन केला, कारण तिच्या हातचं जेवण त्याला फार आवडलं होतं. आणि व्हर्ना म्हणाली, "मॅच नाही म्हणता? अहो, माझ्याकडे मैदान आहे की! तुम्ही माणसं आणा."

म्हणून त्या नोव्हेंबरच्या दुसऱ्या शनिवारी टॉलिव्हर आणि ब्रॅकेट प्लम हॉलोच्या कुरणात उतरले. दोन्हीकडे जुने खेळाडू, सरासरी वय सदुसष्ट. डॉक्टरांच्या सल्ल्याने आदळाआदळीला बंदी होती. कमरेला रुमाल खोवायचा, तो ओढला की माणूस बाद. एकाला ऐकू येत नव्हतं, दोघांना दिसत नव्हतं. गाव मात्र पंचवीस वर्षांचं साठवलेलं ओरडत होतं. व्हर्नाचा आवाज कोठीवर आपटून परत येत होता.

ऑर्व्हिल आणि डेल्मर मधोमध, समोरासमोर आले. दोघांनी गुडघे वाकवले, एक हात गवतावर टेकला आणि मान वर करून एकमेकांच्या डोळ्यांत पाहिलं. थंडीने दोघांच्या नाकांतून वाफा निघत होत्या. क्षणभर दोघंही एकवीस-बावीस वर्षांचे झाले.

शिट्टी वाजली. चेंडू गेला. माणसं डावी-उजवीकडून धावली, म्हणजे चालली.

हे दोघं तसेच.

"ऊठ की," डेल्मर दबक्या आवाजात म्हणाला.

"तू ऊठ आधी."

"मला उठता येत असतं तर तुला कशाला सांगितलं असतं?"

"माझी कंबर धरलीय."

"माझे दोन्ही गुडघे."

मैदानाच्या पार त्या टोकाला काहीतरी झालं असावं. मोठा गलका उठला, टोप्या उडाल्या. मागे वळून बघणं दोघांच्याही मानेला परवडणारं नव्हतं.

"थंडी लवकर पडली या वर्षी," ऑर्व्हिल म्हणाला.

"हो. मुलगी म्हणतेय, लिंकनला राहायला ये."

"जाणार?"

"बघू. गाय सोडून कुणाशी बोलायची सवय नाही मला." डेल्मरने गवताची एक काडी उपटली. "तुमच्याकडे त्या रस्त्यावर एखादं घर आहे का रे रिकामं?"

"पलीकडच्या गल्लीत आहे एक. छपराला डागडुजी लागेल."

"स्वयंपाकघर मोठं आहे?"

"तुझं पातेलं मावेल."

दोन डाव त्यांच्या अंगावरून, आजूबाजूने खेळून झाले. तिसऱ्या डावाच्या आधी इडेला आणि व्हर्ना मैदानात आल्या, एकेकाला काखेत धरून उभं केलं आणि बाकावर नेऊन बसवलं. मॅच कोण जिंकलं हे दोघांनाही निघताना ट्रकपाशी इडेलाकडून कळलं. आणि तेही तिला नीटसं आठवत नव्हतं!