पहिली बातमी कुणाची?

सकाळी भिजवलेली बोर्सोकची, म्हणजे तळायच्या गोळ्यांची, कणीक दुपारपर्यंत फुगून टोपाबाहेर आली, तरी बुरूलने कढई चुलीवर चढवली नव्हती. निकालाआधी तळण काढलं तर दृष्ट लागते. आणि कणीकच भिजवली नाही, तर आईचा पोरीवर विश्वास नाही असं होतं. म्हणून तिने मधला मार्ग काढला होता. कणीक भिजवायची, तळायची नाही. आता ती कणीक टोपाच्या काठावरून खाली वाकून बघत होती आणि बुरूल तिला बुक्की मारून पुन्हा आत बसवत होती.

"बस गं जरा गप्प," ती कणकेला म्हणाली. घरात बोलायला दुसरं कुणी नव्हतंच.

अक्मारल सकाळीच शाळेत गेली होती. देशभरातल्या शाळा संपवणाऱ्या पोरांचा निकाल आज लागायचा होता आणि गावात इंटरनेट धड चालायचं ते शाळेतल्या एकुलत्या कॉम्प्युटरवर. बुरूलही ओढणी बांधून निघाली होती, पण पोरीने दारातच अडवलं. "तू नको येऊ, आई. निकाल लागायच्या आधीच तुझं रडं सुरू होतं. मग मास्तर मला सोडून तुलाच पाणी पाजत बसतात."

नवरा तोक्तोसून नोवोसिबिर्स्कला बांधकामावर होता. तोक्तोसून म्हणजे 'थांबो'. आधीची पोरं जगली नाहीत म्हणून आजीने मोठ्या आशेने ठेवलेलं नाव. तो जगात थांबला, गावात तेवढा थांबला नाही. हिवाळ्यात काम बंद पडलं की यायचा, बर्फ वितळायच्या आत जायचा. मागच्या दोन हिवाळ्यांत तर आलाच नाही. पोरगी नापास झाली तर गाव म्हणणार होतं, 'बाप परदेशात, आई गाईच्या मागे, पोरीकडे बघणार कोण?' पास झाली तर पोरगी जनावरांची डॉक्टर व्हायला बिश्केकला जाणार होती. मग घरात बुरूल, गाय आणि कणीक. बुरूलने ठरवलं होतं की हा विचार निकालानंतर करायचा.

तेवढ्यात कुंपणापलीकडून आरोळी आली. "सुयुन्चू! बुरूल, सुयुन्चू!"

हा शब्द ऐकला की किरगिझ माणसाचा हात आपोआप खिशाकडे जातो. आनंदाची बातमी जो पहिल्यांदा आणेल त्याला भेट द्यायची. नाही म्हणायची सोय नाही. शेजारच्या कुमुशायकाकू कुंपणाच्या फटीतून अर्ध्या आत आल्या आणि तिथेच अडकल्या.

"पास झाली गं तुझी पोरगी! मी आत्ता शाळेवरूनच आले. आत नुसता टाळ्यांचा कडकडाट!"

बुरूलने काकूंना ओढून आत घेतलं, त्यांच्या गळ्यात पडून ती रडली आणि डोळे पुसायच्या आत त्यांच्या हातात ठिपक्यांची कोंबडी ठेवली.

"अगं, मी नुसता रुमाल दिलास तरी घेतला असता," असं म्हणत काकूंनी कोंबडी काखेत घट्ट धरली आणि या वेळी फाटकातून बाहेर पडल्या.

कढईत तेल तापतंय तोच शाळेचा रखवालदार बोलोत सायकलवरून आला. "वहिनी, सुयुन्चू!"

"अहो भाऊजी, बातमी कळली मला. काकू आत्ताच येऊन गेल्या."

बोलोत सायकलवरून उतरला. त्याला मनापासून वाईट वाटलेलं दिसलं. "काकू? त्यांनी रस्त्यावरून टाळ्या ऐकल्या असतील. शाळेच्या दारावर कोण असतं? मी! त्यांची बातमी म्हणजे अफवा. माझी ती बातमी. आणि त्यांनी मार्क सांगितले का?"

"नाही."

"बघा! दोनशेच्या वर आहेत."

दोनशेच्या वर! एवढी बातमी आणणाऱ्याला रिकाम्या हाताने कसं धाडायचं? तिने पेटीतून तोक्तोसूनचे नवे बूट काढले. तो येईल तेव्हासाठी घेतले होते. दोन हिवाळे पेटीत राहून त्यांना डांबरगोळ्यांचा वास लागला होता. बोलोतने ते तिथेच पायात घातले. एक नंबर मोठे होत होते, पण तो म्हणाला, "हिवाळ्यात पाय सुजतात माझे, बसतील."

तिसरा नंबर दुकानदार सापारबेकचा. तो गाडीतून आला आणि फाटकाबाहेरूनच भोंगा वाजवत राहिला. बुरूल पिठाच्या हातांनी बाहेर धावली.

"वहिनी, पोरगी जिल्ह्यात पहिली! बिश्केकचे प्रोफेसर स्वतः घ्यायला येणार म्हणतात. आता मला कोंबडीबिंबडीवर वाटेला लावू नका हं. जिल्ह्याची सुयुन्चू आहे ही."

गोठ्याजवळ मेंढा बांधलेला होता. तोक्तोसून परत आला की कापायचा म्हणून पोसलेला. मेंढा आता म्हातारपणाकडे झुकला होता आणि तोक्तोसूनचा पत्ता नव्हता. बुरूलने क्षणभर त्याच्याकडे बघितलं, मेंढ्याने तिच्याकडे बघितलं, आणि ती म्हणाली, "न्या. पोरगी काय रोज पहिली येते?"

मेंढा मागच्या सीटवर बसून गेला. खिडकीतून त्याचं तोंड वळणापर्यंत दिसत होतं.

बुरूलने बोर्सोकचे घाणेच्या घाणे काढले. सोनेरी गोळ्यांचा डोंगर झाला. मग तिने नवऱ्याला फोन लावला, पण कामावर असताना तो फोन पेटीत ठेवायचा. तिने तांबड्या फुलांचा रुमाल बांधला, जेवणाचं दस्तरखान अंथरलं आणि सगळं मांडून दाराशी उभी राहिली.

अक्मारल आली ती पाय ओढत.

"ये गं माझी डॉक्टरीण! ये माझी जिल्ह्यात पहिली!"

"कोण पहिली?" अक्मारलने चपला भिरकावल्या. "निकाल कुठे लागलाय? सकाळपासून ते पान उघडतच नाहीये. सगळा देश एकदम घुसलाय म्हणतात."

बुरूलने वळून बोर्सोकच्या डोंगराकडे बघितलं. "मग टाळ्या कसल्या वाजवल्यात?"

"वीज गेली होती. ती आली, म्हणून वाजवल्या."

पुढचा छडा लागायला वेळ लागला नाही. टाळ्या काकूंनी ऐकल्या. कोंबडी घरी नेताना त्यांनी बातमी बोलोतच्या बायकोला सांगितली. बोलोत घरी जेवायला आला होता. त्याला बातमी बायकोकडून मिळाली. मार्क त्याने स्वतःच्या अंदाजाने घातले. नवे बूट दाखवायला तो दुकानात गेला, आणि दुकानात वजनात कमी भरणारी गोष्टही सापारबेक थोडी वाढवूनच सांगायचा. जिल्ह्यात पहिली ती तिथे आली.

"आई, आणि तू मेंढा दिलास?"

"प्रोफेसर येणार म्हणाला गं तो."

"मी नापास झाले तर?"

तिने पोरीच्या तोंडात बोर्सोक कोंबला.

पण निकाल लागला नाही ही बातमीही त्याच वाटेने, त्याच वेगाने गावभर गेली होती. आधी कुमुशायकाकू आल्या, काखेत कोंबडी. "घे बाई तुझी. खोट्या बातमीचं खाल्लेलं पचत नाही. एक अंडं दिलंय तिने माझ्याकडे. ते कुणाचं, ते तूच सांग." मग बोलोत आला, बूट हातात आणि पाय उघडे, तो थेट कालव्याचं पाणी ओलांडून आला होता आणि बूट ओले होऊ नयेत म्हणून त्याने ते डोक्यावर धरून आणले होते. शेवटी सापारबेक आला. मेंढा गाडीतून उतरायलाच तयार नव्हता.

"सुरीला धार लावत होतो हो," सापारबेक खाली मान घालून म्हणाला. "याचं नशीब आणि माझी अब्रू, दोन्ही थोडक्यात वाचली."

"आता आलाच आहात तर बसा," बुरूल म्हणाली. "एवढे बोर्सोक मी एकटी खाऊ?"

सगळे बसले. काकूंनी बोलोतला ऐकवलं, "दोनशेच्या वर म्हणे! तुला स्वतःला दोनशेपर्यंत मोजता येतं का रे?" बोलोत म्हणाला, "काकू, तुम्ही टाळ्या ऐकून निकाल लावता. उद्या कुणी दार आपटलं तर सुतक पाळाल!" सापारबेक हसता हसता जर्दाळूच्या मुरंब्यात कोपरापर्यंत गेला. अक्मारलचाही चेहरा सैल झाला. बुरूल पियाले भरत होती, ते रिकामे होत होते, ती पुन्हा भरत होती. इतकी माणसं या दस्तरखानाभोवती शेवटची कधी बसली होती, ते तिला आठवेना. तिच्या मनात आलं, आज ते पान उघडलंच नाही तर किती बरं होईल. उद्याही नको. सगळे असेच वाट बघत बसतील, चहा पीत. आणि या विचाराची तिला इतकी लाज वाटली की तिने पोरीच्या पियाल्यात दोनदा साखर घातली.

ऊन कललं तेव्हा सापारबेक फोन घेऊन कुंपणावर चढला. तिथे म्हणे नेटच्या दोन रेघा येतात. अक्मारल खालून नंबर सांगत होती. सगळे माना वर करून त्याच्याकडे बघत होते.

"उघडलं!" तो ओरडला. मग हळू म्हणाला, "पोरी, एकशे अठ्ठ्याऐंशी."

"पुरतात का?" बुरूलने विचारलं.

"पुरतात काय, आई! उरतात!" अक्मारल तिच्या गळ्यात पडली, आणि बुरूलला वाटलं, आपण इतके महिने श्वास कुठेतरी गहाण ठेवला होता, तो आत्ता परत आला.

आनंदाचा पहिला भर ओसरला आणि प्रश्न उभा राहिला.

"सुयुन्चू माझी," कुंपणावरून सापारबेक म्हणाला.

"तुझी कशी? पास झाली हे दुपारीच कोण म्हणालं?" काकूंनी कोंबडी उचलली. "बातमी खरीच होती. जरा लवकर आणली एवढंच."

"मग माझं काय खोटं होतं?" बोलोत बूट चढवू लागला. "बारा मार्कांचा फरक. एवढा इकडेतिकडे होतोच."

बुरूल म्हणाली, "न्या हो, सगळेच न्या." मेंढा तर गाडीतून उतरलाच नव्हता.

निघताना सगळ्यांनी अक्मारलच्या पाठीवर थाप मारली. मग मैत्रिणी हाका मारत आल्या आणि अक्मारलही गावाबाहेरच्या सरोवराकडे पळाली. अंगण एकदम मोठं वाटू लागलं. बुरूलने उष्टे पियाले गोळा केले आणि उगाचच ते पुन्हा खाली ठेवले.

फोन वाजला. तोक्तोसून.

"बुरूल! सुयुन्चू!" मागे काँक्रीटचं यंत्र घरघरत होतं आणि त्याला धाप लागली होती. "आधी काय देशील ते बोल!"

तिच्या ओठावर आलं होतं सगळं. कोंबडी, बूट, मेंढा. पण तो थांबतच नव्हता. "मुकादमाच्या खोलीत घुसलो. त्याच्या कॉम्प्युटरवर पोरीचा नंबर टाकला. तो ओरडत होता, मी म्हटलं, ओरड बाबा. वाटलं, तिकडे गावात कुठलं नेट! कुणी तुला सांगायच्या आत आपण सांगू. कळलं नाही ना अजून?"

"नाही हो," बुरूल म्हणाली. "मला कोण सांगणार? एकटीच तर बसलेय." दिवसभरातलं तिचं हे पहिलंच खोटं, आणि तेही निम्मंच.

"पास झाली आपली पोरगी! एकशे अठ्ठ्याऐंशी!"

"काय सांगता!" बुरूल म्हणाली आणि खरोखरच रडू लागली, पहिल्यांदा ऐकल्यासारखी. तोही पलीकडे नाक ओढत होता. यंत्र घरघरत राहिलं.

"मग? माझी भेट?" तो शेवटी म्हणाला.

"मागा ना. काय हवं?"

"चहा ओत. फोन जवळ धर. नुसता ऐकू दे."

तिने एक पियाला विसळला, फोन त्याच्या कडेला टेकवला आणि किटली उंच धरून धार सोडली.

"बास, बास!" तो ओरडला. "काठोकाठ भरतेस की काय? पियाला भरून दिला की पाहुण्याने उठायचं असतं. हाकलतेस मला?"

"छे हो," बुरूलने किटली खाली ठेवली. "अर्धाच भरलाय." आणि तिने तो पियाला दस्तरखानाच्या पलीकडच्या बाजूला, त्याच्या जागेपुढे सरकवला.