घरचा सर्व्हेअर

"इंजिनिअरिंगचे अर्ज पिशवीभर, आणि भूमापनाचा एकही नाही?" मराठी मित्र मंडळाचे अध्यक्ष अच्युतराव पारखी यांनी चहाचा कप खाली ठेवला.

"एकही नाही," सेक्रेटरी मंजूषाबाई म्हणाल्या. "ग्रुपवर चारदा टाकलं. लोक उलट मलाच विचारतात, जमीन मोजायला शिकून आमचा मुलगा काय होणार, पटवारी?"

भोपाळच्या साकेत नगरातल्या मराठी घरांत मुलं दोनच प्रकारची असत: इंजिनिअर झालेली आणि इंजिनिअर होऊ न शकलेली. दुसऱ्या प्रकारच्या मुलांना पाहुण्यांसमोर फारसं आणत नसत. जमीन मोजणारं मूल असू शकतं, हे कोणाच्या डोक्यातच आलं नव्हतं.

पण शिष्यवृत्ती देणारे अंबरीश दातार स्वतः जन्मभर जमीन मोजत हिंडलेले. भोपाळमध्ये नोकरी करून निवृत्त झाले आणि पुण्याला गेले. यंदापासून त्यांनी मंडळाला दोन शिष्यवृत्त्या देऊ केल्या होत्या, एक इंजिनिअरिंगच्या आणि एक भूमापनाच्या विद्यार्थ्यासाठी. अट एकच होती. दोन्ही विद्यार्थी एकाच दिवशी एकाच व्यासपीठावर हवेत. एक जरी कमी पडला तर त्या वर्षी कोणालाच काही नाही. कार्यकारिणीने दोन बैठका निमंत्रणपत्रिकेवरच्या नावांच्या क्रमावर आणि एक शालीच्या रंगावर घालवली. अट वाचायचं राहून गेलं. ती वाचली तेव्हा पत्रिका वाटून झाल्या होत्या आणि दातारांचं तिकीट आलेलं होतं.

इंजिनिअरिंगसाठी निवड झाली होती पल्लवी खरेची. मुलगी सिव्हिलच्या तिसऱ्या वर्षाला, वर्गात पहिली. तिचे वडील करोंदच्या मंडीत एका आडत्याकडे हिशेब लिहीत. आडत्याने धंदा बंद केला आणि ते घरी बसले. शिष्यवृत्ती मिळाली नाही तर पल्लवीचं कॉलेज सुटणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. त्याबद्दल कार्यकारिणीने हळहळही व्यक्त केली होती.

"आपला वरुण आहे ना," अच्युतराव एकदम म्हणाले.

वरुण त्यांचा नातू. इंदूरला बीबीए करत होता, म्हणजे इंदूरला राहत होता.

"आजोबा, मेरे से नहीं होगा यार," फोनवर वरुण म्हणाला. "मला तर घरातला पलंगपण मोजता येत नाही."

"मोजायचं नाहीच आहे, शाल घ्यायची आहे. तुझा चेक आपण सभागृहाच्या एसीसाठी वळता करू. समाजकार्य आहे हे."

पल्लवीला बोलावून त्याला जुजबी चार शब्द शिकवायला सांगितलं, तेव्हा ती लाल झाली. "काका, पण हे खोटं आहे."

"खोटं नाही गं, व्यवस्था आहे," अच्युतराव मायेने म्हणाले.

पल्लवीला स्वतःची लाज वाटली आणि त्याहून जास्त भीती वाटली. तिने वरुणला थिओडोलाइटचं चित्र दाखवलं आणि जमीन मोजायच्या या दुर्बिणीला हात कुठे लावायचा नाही ते सांगितलं. "काही अडलंच तर एक डोळा मिटून आत बघ, खूप वेळ बघ, आणि मग ठामपणे बोल," ती म्हणाली. एवढ्या शिक्षणावर माणसं अध्यक्षसुद्धा होतात.

दातारांना आणायला अच्युतराव स्वतः हबीबगंजला गेले. स्टेशनचं नाव बदललं तरी ते हबीबगंजच म्हणत. गाडीतून दातार उतरले आणि त्यांच्यामागून एक लाकडी पेटी आणि एक तिपाई उतरली.

"माझं जुनं यंत्र," दातार म्हणाले. "डोळ्यांनी आता साथ सोडली. म्हटलं, आपल्या भूमापनाच्या मुलाला देऊन टाकावं."

अच्युतरावांना घाम फुटला. पण समारंभ ठरल्याप्रमाणे सुरू झाला. अध्यक्षांच्याच नातवाला शिष्यवृत्ती मिळाली याचं सभागृहात कोणालाही आश्चर्य वाटलं नाही. शाली झाल्या, नारळ झाले. चेक शेवटी द्यायचे होते. तेवढ्यात दातारांनी माइक हातात घेतला.

"चेक देण्याआधी मला एक प्रात्यक्षिक बघायचंय. इथे कोणाचा हद्दीचा वाद आहे का?"

प्लॉट घेतलेल्या मराठी माणसांच्या सभेत हा प्रश्न विचारायचा नसतो. निम्मं सभागृह उभं राहिलं. सगळ्यांच्या वर आवाज चढला तो सुरेशराव भालेरावांचा.

"आमचा घ्या! मागच्याच गल्लीत आहे. अच्युतराव माझे शेजारी. त्यांची भिंत माझ्या जागेत आहे. होऊन जाऊ दे आज, दूध का दूध!"

भिंतीपायी दोन्ही घरांचं बोलणं बंद होतं, त्यामुळे वरुण इंदूरला काय करतो याचा सुरेशरावांना पत्ता नव्हता. मात्र लगेच त्यांच्या लक्षात आलं. "पण हा तर त्यांचाच नातू आहे की!"

"यंत्राला नातीगोती नसतात," दातार गंभीरपणे म्हणाले. सभागृहाने टाळ्या वाजवल्या.

अच्युतरावांनीही वाजवल्या. त्यांचा घाम एव्हाना वाळला होता. सर्व्हेअर घरचा, भिंत घरची, आणि निकाल भर सभेत! इतकी वर्षं सुरेशरावांनी जे नाव खराब केलं ते आज फुकटात धुऊन निघणार होतं. जिना उतरताना त्यांनी वरुणला डोळा मारला. "न घाबरता बोल," ते पुटपुटले.

सगळी वरात मागच्या गल्लीत गेली. मंजूषाबाई मोबाईलवर लाइव्ह दाखवत होत्या. पल्लवीने तिपाई उभी करून दिली आणि बाजूला झाली. वरुणने एक डोळा मिटला आणि आत बघितलं. खूप वेळ बघितलं. यंत्राचं झाकण तसंच होतं, ते पल्लवीने हळूच काढलं. त्याने पुन्हा बघितलं, मान हलवली, भिंतीला हात लावून आला.

"बोल बाळा," दातार म्हणाले.

"भिंत दोन फूट सुरेश आजोबांच्या जागेत आहे," वरुण ठामपणे म्हणाला.

सुरेशरावांनी वरुणला मिठीच मारली. दातारांच्या डोळ्यांत पाणी आलं. "सख्ख्या आजोबांविरुद्ध! अशी मुलं आहेत तोवर आमच्या विद्येला मरण नाही. अच्युतराव, निकाल मान्य ना?"

अच्युतरावांनी तोंड उघडलं. "हा काही सर्व्हेअर..."

मंजूषाबाईंनी त्यांचा कुर्ता हळूच ओढला. लाइव्ह चालूच होतं, मोबाईल अच्युतरावांच्या तोंडासमोर होता. यंत्राशेजारी पल्लवी उभी होती, रिकामे हात एकमेकांत घट्ट धरून. तिच्याकडे त्यांचं लक्ष गेलं हे खरं, पण त्याआधी त्यांच्या डोळ्यांसमोर मंडळाची निवडणूक उभी राहिली.

"हा काही साधासुधा सर्व्हेअर नाही," त्यांनी वाक्य पुरं केलं. "मान्य आहे."

सभागृहात परत येऊन चेक वाटले गेले. पल्लवीने आपला चेक घेतला, दातारांच्या पाया पडली आणि रडली. तिच्या रडण्याचं कारण प्रत्येकाने आपापल्या परीने समजून घेतलं. सुरेशरावांनी तिथूनच गवंड्याला फोन लावला.

दातारांना गाडीत बसवून अच्युतराव घरी पोचले ते दात-ओठ खातच. वरुण दिवाणावर पडून मोबाईल बघत होता.

"गाढवा! दोन फूट आणलेस कुठून? कोणी शिकवलं? त्या पोरीने?"

"नाही हो. तुम्हीच तर सांगितलं होतं."

"मी?"

"दिवाळीत नाही का, मामा आले होते तेव्हा. पूर्वी एकदा सुरेश आजोबा यात्रेला गेले आणि तुम्ही तेवढ्यात भिंत दोन फूट सरकवून घेतली, म्हणून किती हसला होतात." वरुण उठून बसला. "मला मोजता कुठे येतं, आजोबा? ठामपणे बोल म्हणाले सगळे. मग जे पक्कं माहीत होतं तेच बोललो."

स्वयंपाकघरातून अच्युतरावांच्या पत्नीचा, लीलावतीबाईंचा आवाज आला.

"वरुण, हात धू रे. पोळी गरम आहे, तू जेवून घे."

अच्युतराव वाट बघत उभे राहिले. त्यांना कोणी हाक मारली नाही.