नळाला ओ

आमच्या घरचा नळ रोज सकाळी पाणी सोडण्याआधी हजेरी घेतो. आधी नुसती हवा येते, घरघर होते, मग तो एकेकाचं नाव घेतो, आणि सगळ्यांनी ओ दिली की पाणी येतं. एकाने जरी दिली नाही तरी पाणी नाही. हे, म्हणजे माझे यजमान, कोल्हापूरला गेले होते तेव्हा नळाला फोन लावून धरावा लागला. मिरजेत आमच्या गल्लीतल्या सगळ्या जुन्या घरांना असेच पाइप आहेत, त्यात विशेष काही नाही.

मला नळ शकू म्हणतो. माहेरी मी शकुंतला. सासूबाईंना ते नाव जुनाट वाटलं, म्हणून लग्नात तांदळात अनघा लिहिलं गेलं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी नळाने नाव विचारलं तेव्हा मी अर्धवट झोपेत होते, तोंडून गेलं ते शकूच. सासूबाईंनी कपाळाला हात लावला. एकदा पाइपात गेलेलं नाव परत काढता येत नाही.

आता माझे आईवडील गेले, भाऊही गेला. मला शकू म्हणणारं त्या नळाशिवाय कुणी उरलं नव्हतं. त्या एका हाकेसाठी मी सगळ्यांच्या आधी उठून मोरीत जाऊन बसायची, खोटं कशाला बोलू!

गेल्या महिन्यात पाणी तांबूस यायला लागलं. दस्तगीर मिस्त्रींना बोलावलं. त्यांनी पाइपावर पाना वाजवून पाहिला आणि आतून पार सडलाय, अंगणापासून मोरीपर्यंत सगळा बदला म्हणाले. मी विचारलं, नावांचं काय?

"नवा पाइप कोराच येतो, वहिनी. बसवायच्या आधी घरातल्या मोठ्या माणसाने त्यात नावं सांगायची."

माझं मी सांगितलं तर चालेल का, म्हटलं. तर म्हणाले, सगळी एकानेच सांगायची, नाहीतर पाणी वर चढत नाही. त्यांना बिचाऱ्यांना तोडून बोलवत नव्हतं, पण कामाची पद्धत ती पद्धत.

मी सासूबाईंच्या हातापाया पडले. बाई वाईट नाहीत हो, पण एकदा मनात घेतलं की घेतलं. "अनघा, इतकी वर्षं चुकीचं चाललं, आता तरी नीट होऊ दे," म्हणाल्या. पांढरा प्लास्टिकचा पाइप तोंडाशी धरून त्यांनी तीन नावं सांगितली. ती आत लांबवर उतरत गेलेली आम्हाला ऐकू आली. जुना पाइप मिस्त्रींनी नळासकट कापून परसात भिंतीला टेकवून ठेवला. भंगारवाला येऊन नेणार होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी नव्या नळाने सासूबाईंना हाक मारली, मग ह्यांना. मग म्हणाला, अनघा. आवाज स्वच्छ होता, घरघर मुळीच नाही. माझ्या तोंडून ओ निघेना. हट्ट नव्हता तो, शप्पथ, जीभच वळत नव्हती. दोघं माझ्या तोंडाकडे बघत राहिले. नळाने पुन्हा नाव घेतलं. तेवढ्यात परसातून घरघर ऐकू आली.

"शकू."

मी उठून मागे गेले. पाइप होता तसाच भिंतीला टेकून उभा होता, कशाला म्हणजे कशालाच जोडलेला नव्हता. मी ओ दिली. तांबूस पाणी आलं. बरं वाटलं मला, फार बरं वाटलं. मी नळाखाली हंडा लावला.

घरात नव्या नळाने तिसऱ्यांदा अनघा म्हटलं, आणि कुणीतरी ओ दिली. आवाज माझाच होता. मोरीत धो धो पाणी आलं. किती गं वेळ लावलास, असं सासूबाई तिला म्हणाल्या आणि चहा टाकायला सांगितला. जरा वेळाने आत कपबशा वाजल्या, तीनच.

माझा हंडा अजून भरायचा होता. मी तिथेच बसून राहिले.