अण्णांची चौकशी समिती

त्या सोमवारी सकाळी आमच्या घरातल्या तिघांचे रिपोर्ट पॉझिटिव्ह आले. दुपारी अण्णांनी चौकशी समिती नेमली. समितीचे अध्यक्ष अण्णा, सचिव अण्णा आणि सभासदही अण्णाच. साक्षीदारांच्या यादीत पहिलं नाव माझं होतं.

अण्णा म्हणजे माझ्या बायकोचे, शालनचे, थोरले भाऊ. रोह्याजवळच्या एका रसायनांच्या कंपनीत ते एकतीस वर्षं सेफ्टी खात्यात होते. कंपनीतून निवृत्त झाले, सेफ्टीतून झाले नाहीत. लग्न केलं नाही. का, असं मी एकदा शालनला विचारलं. ती म्हणाली, मुलगी बघायला गेला तिथं पोह्यांची बशी बाजूला ठेवून यानं आधी त्यांच्या गॅसची नळी तपासली. खरं-खोटं तिलाच ठाऊक, पण अण्णांना ओळखणाऱ्या माणसाला यात खोटं काही वाटत नाही.

दुसरी लाट आली तेव्हा शालननं त्यांना पेणला आमच्याकडे बोलावून घेतलं. एकटा माणूस, रोह्यात कमी-जास्त झालं तर कोण बघणार, असं तिचं म्हणणं. अण्णा आले ते स्वतःची बादली, एक शिट्टी आणि पिवळ्या रंगाचा अर्धा डबा घेऊन. संध्याकाळपर्यंत आमच्या उंबऱ्याबाहेर पिवळी रेघ मारलेली होती.

मी हायस्कूलमध्ये इतिहास शिकवून निवृत्त झालेला माणूस. खिडकीजवळची आरामखुर्ची आणि हातात पुस्तक, एवढंच माझं राज्य. ते दोन दिवसांत खालसा झालं. खिडकी रस्त्याच्या बाजूला होती म्हणून खुर्ची कोठीच्या दाराशी गेली. वर्तमानपत्र दोन दिवस उन्हात पडून मग हातात यायचं, तोवर त्यातल्या बातम्या शेजारचे सांगून मोकळे झालेले असायचे. हात धुतले का, असं अण्णा विचारत. धुतले म्हटलं तरी "गृहीत धरायचं नाय, भावजी" म्हणून पुन्हा धुवायला लावत. हे "गृहीत धरायचं नाय" दिवसातून चाळीस वेळा तरी कानावर पडायचं.

कंपनीत जिथं आगीचं काम असेल तिथं आधी परमिट लागतं. अण्णांनी ते आमच्या स्वैपाकघराला लावलं. तळण काढायचं तर कागदावर त्यांची सही हवी. तेल किती, कढई कुठली, जवळ वाळूची बादली आहे का, सगळं भरून द्यायचं. शालननं पहिल्या दिवशी तो कागद वाचला, कढईखाली चुरगळून टाकला आणि म्हणाली, "अण्णा, तुझ्या सहीनं पापड फुलत नाय." तरी दुसऱ्या दिवशी तिनं गुपचूप परमिट भरून दिलं. भावाचं मन मोडायचं नाही आणि नवऱ्याचं डोकं फिरू द्यायचं नाही, अशा दोन पाळ्या ती एकटी करत होती.

सगळ्यांवर कडी म्हणजे ती बाही. वायू गळती झाली तर वारा कुठून कुठे वाहतोय हे कळावं म्हणून कारखान्यांत उंचावर कापडी पिशवी टांगलेली असते. अण्णांनी माझ्या एका शर्टाची बाही कापून गच्चीवर बांबूला बांधली. रोज उजाडलं की वर जाऊन ते वारा बघायचे आणि मग भाजीवालीनं फाटकाच्या कुठल्या बाजूला उभं राहायचं ते वरून सांगायचे. ती डोंगरातल्या वाडीवरून टोपली घेऊन यायची. चार दिवस तिनं ऐकून घेतलं. पाचव्या दिवशी वर बघून शांतपणे विचारलं, "दादा, भेंडी घेतोस का पतंग उडवतोस?"

शर्ट चांगला होता, एवढंच मी त्यावर म्हणेन.

आता जे लिहायला हवं ते लिहितो. रिपोर्ट यायच्या अकरा दिवस आधी, गुरुवारी, मी घराबाहेर गेलो होतो. वाचनालय बंद होतं, पण ग्रंथपाल साठे कपाटं उघडून बघणार होते. त्यांचा फोन आला, पुस्तकांना वाळवी लागलीय, येता का जरा. शालन आंघोळीला गेली होती, अण्णा कुठे दिसत नव्हते. मी मागच्या दारानं सटकलो. शाळा चुकवणाऱ्या पोरासारखा, खरं सांगतो, आनंद झाला होता. आम्ही दोन कपाटं रिकामी केली. मग साठ्यांनी थर्मासमधला चहा ओतला. मास्क हनुवटीवर घेऊन आम्ही पाऊण तास बसलो. कुणी हात धुवायला सांगितलं नाही. परत आलो तेव्हा घरात कुणी काही विचारलं नाही. रविवारी साठ्यांचा फोन आला, त्यांना ताप होता आणि रिपोर्ट पॉझिटिव्ह होता. त्या आठवड्यात आधी मला आणि मग घरातल्या दोघांनाही ताप आला.

वाचनालयाचं मी शालनला सांगितलं नाही. अण्णांना सांगण्याचा तर प्रश्नच नव्हता.

आम्हा तिघांना गावातल्याच एका वसतिगृहात केलेल्या कोविड सेंटरमध्ये नेलं. खाली पुरुष, वरच्या मजल्यावर बायका. माझी खाट अण्णांच्या शेजारी आली. मी सिस्टरला दुसरी खाट मागून पाहिली. ती म्हणाली, काका, घरचं माणूस जवळ आहे, नशीब समजा.

चौकशी दुसऱ्या दिवशी सकाळी सुरू झाली. अंगात ताप, बोलताना धाप, पण वही उघडलेली. पहिले दोन दिवस दुधाच्या पिशव्यांवर गेले. मग गॅसवाला. त्याला अण्णांनी फोन करून सिलिंडर कुठल्या हातानं उचलला होता ते विचारलं. त्यानं काय उत्तर दिलं ते वहीत लिहिण्यासारखं नव्हतं. मग मांजर. आमच्या ओट्यावरून एक भुरी मांजर जायची. ती कुणाकुणाच्या घरी जाते, किती वाजता जाते, शालन तिला दूध घालते का, मी तिला हात लावला होता का. मांजरीवर दीड दिवस गेला. पलीकडच्या खाटेवर खाडीकडच्या गावातले नामाकाका होते, जन्मभर मिठागरात राबलेले. ते डोळे मिटूनच म्हणाले, "सायेब, त्या मांजरीलाच बोलवा. ती काय ते सांगंल."

मी रोज सकाळी जागा व्हायचो तो एकाच धास्तीनं, की आज हे विचारणार. त्या गुरुवारी कुठं होतात? एवढे चार शब्द, आणि माझ्याच्यानं खोटं बोलवलं नसतं. वर शालन होती. अण्णा पेन्सिलीला टोक करायचे, माझ्याकडे बघायचे, आणि विचारायचे, शेजारच्यांची दोरी आपल्या खिडकीला कधीपासून बांधलीय? मला सुटल्यासारखं व्हायचं आणि लगेच त्यांचा राग यायचा. इतका बारकाईचा माणूस, आणि नाकासमोरचं दिसत नाही?

बाकी वेळात ते खोली चालवायचे. भिंतीवर खडूनं बाहेर जायच्या वाटेचे बाण काढले. सिस्टरांची पाळी बदलली की जुनीनं नवीला सगळं नीट सांगितलं का, हे ते खाटेवरून तपासायचे. नामाकाकांच्या घरून सुकटीचा डबा आला, तेव्हा त्यांनी तो ताब्यात घेतला. आमच्यातल्या बहुतेकांना वास येत नव्हता. रोज सकाळी डबा खाटेखाटेवरून फिरायचा. ज्याचं नाक वाकडं होईल तो सुधारतोय, अशी नोंद व्हायची. वीस-बावीस माणसं, कुणी रडवेली, कुणी भिंतीकडे तोंड करून पडलेली, पण डबा आला की उठून बसायची. एका तरुण मुलाला पाचव्या दिवशी वास आला आणि तो खोकत खोकत "शी" म्हणाला, तेव्हा सगळ्या खोलीनं टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. अण्णांना मात्र कधीच वास आला नाही. ज्या माणसानं कंपनीत नुसत्या नाकानं कुठला वायू गळतोय ते ओळखलं, तो डब्यात नाक घालून बसायचा आणि वहीत स्वतःच्या नावापुढे फुली मारायचा.

संध्याकाळी सहा वाजता ते खिडकीशी जाऊन वरच्या मजल्याला हाक मारायचे, "शालू, जेवलीस का गो?" ती वरून काहीतरी ओरडायची, तिला बोलताना लागणारी धाप खालपर्यंत ऐकू यायची. एकदा तिनं विचारलं, मांजरीचं काय ठरलं? अण्णा म्हणाले, संशयाचा फायदा दिला. वरच्या बायका हसल्या.

सहाव्या दिवशी तिचा ऑक्सिजन उतरला. तिला अलिबागला हलवायचं ठरलं. आम्हाला दारापर्यंत येऊ दिलं. स्ट्रेचर आमच्यापासून दहा हातांवरून गेलं. तिनं तोंडावरचा मास्क थोडा वर केला, अण्णांकडे बघितलं आणि म्हणाली, "अण्णा, ह्यांना छळू नको रे."

अॅम्ब्युलन्स वडखळच्या दिशेनं गेली. चौथ्या दिवशी अलिबागला शालन वारली. आम्हाला जाता आलं नाही.

त्या सकाळी फोन आला तेव्हा अण्णांच्या हातात डबा होता. त्यांनी तो बंद केला, मग पुन्हा उघडला आणि नेहमीसारखा खाटेखाटेवरून फिरवला.  मला तेव्हा त्यांचा अतोनात राग आला. सगळ्यांची नोंद झाल्यावर ते खाटेवर बसले आणि नामाकाका उठून त्यांच्या शेजारी येऊन बसले. दुपारपर्यंत बसून होते.

आम्ही दोघं बरे होऊन घरी आलो. तेरावा झाला, माणसं आलीच नाहीत. आता अण्णा रोह्याला जातील असं मी धरून चाललो होतो. ते गेले नाहीत. परमिटं बंद झाली, शिट्टी वाजेनाशी झाली, आणि चौकशीचा तर शब्दही निघेना. मला वाटलं होतं, प्रश्न थांबले की बरं वाटेल. उलट झालं. जेवताना ते माझ्या ताटात भात वाढायचे आणि मी तो तसाच टाकून उठायचो. आपण एका माणसाच्या बहिणीला मारलं आणि तो आपल्याला आमटी वाढतोय, हे किती दिवस चालणार?

श्रावणात एकदा त्यांनी वाल भिजवले. मोड आल्यावर आम्ही दोघं दुपारी जेवणाच्या टेबलाशी सोलायला बसलो. वालाचं बिरडं शालनच्या हातचं. आम्हा दोघांनाही सोलता येत नव्हतं. दाणा सटकून जमिनीवर जायचा, अण्णा वाकून उचलायचे. तिसऱ्यांदा ते वाकले तेव्हा मी बोललो.

"अण्णा, त्या गुरुवारी मी वाचनालयात गेलो होतो."

त्यांनी दाणा उचलला, पुसला. "सातला दहा कमी होते," ते म्हणाले. "मागच्या दारानं. मी गच्चीवर वारा बघत होतो."

 मग मी विचारलं, की ठाऊक होतं तर विचारलं का नाही? मांजरीवर दीड दिवस घालवलात.

अण्णांनी पुढचा वाल हातात घेतला. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "कंपनीत एकदा 'का' विचारून थांबत नाय, भावजी. पाच वेळा विचारायचं असतं. शालूला का झालं? तुम्हाला झालं म्हणून. तुम्हाला का? वाचनालयात गेलात म्हणून. का गेलात? घरात जीव नकोसा झाला म्हणून. का झाला?"

 हातातला वाल त्यांनी तसाच सालासकट भांड्यात टाकला.

"तिथं मीच बसलोय," ते म्हणाले. "म्हणून पहिलाच 'का' विचारला नाय."

हा माणूस माझ्या शेजारच्या खाटेवर पडून सगळे दिवस काय करत होता ते मला त्या दुपारी कळलं. मी त्याला चुकवत होतो आणि तो स्वतःला. आणि त्याचा हिशेब खरा होता. मी त्याला कंटाळूनच गेलो होतो. जाताना झालेला आनंदही मला आठवत होता.

मी जन्मभर मुलांना सांगत आलो, की घडलं तसं लिहा. मी म्हणालो, "तुम्हाला कंटाळून नाही गेलो, अण्णा. पुस्तकांना वाळवी लागली होती. साठे एकटे होते. एरवीही गेलो असतो."

"वाळवी?"

"दोन कपाटं खाल्ली होती."

अण्णांनी हात पुसले, आत जाऊन वही आणली. "लिहू?" त्यांनी विचारलं. मी लिहा म्हटलं. कारणाच्या रकान्यात त्यांनी 'वाळवी' असं लिहिलं, तारीख घातली, खाली सही केली आणि वही माझ्यापुढे सरकवली. साक्षीदार म्हणून मी सही केली. त्यांना ते पटलं होतं का, हे मी विचारलं नाही. वही मिटून ते पुन्हा वाल सोलायला बसले, आणि थोड्या वेळानं म्हणाले, की हात धुवून घ्या, पेनाला कुणाकुणाचे हात लागलेत, गृहीत धरायचं नाय. मी उठून हात धुतले. चिडूनच धुतले.

याला आता काही वर्षं झाली. रोह्याचं घर बंद आहे. पेणच्या घरात आम्ही दोघं राहतो. शालनला वाल सोलायला अर्धा तास लागायचा, आम्हा दोघांना मिळून दीड लागतो.