नवरदेवाचा चाकू, दाजींची लिंबं

सासुरवाडीत प्रत्येक जावयाचा काही ना काही उपयोग ठरलेला असतो. माझे साडू विजयसिंह यांचा उपयोग ट्रॅक्टरपासून तहसील कचेरीपर्यंत कुठेही होतो. माझा उपयोग पंगत उठल्यावर उरलेला भात संपवायला होतो. (हे सासूबाई म्हणतात, आणि प्रेमानं म्हणतात. प्रेमानं म्हटलेलं जास्त लागतं.)

गेल्या हिवाळ्यात आम्ही सगळे सणसरला सासऱ्यांच्या उसात उभे होतो. ठिबकची नळी फाटली होती आणि फाटका तुकडा कापून काढायचा होता. आप्पांनी, म्हणजे आमचे सासरे आप्पासाहेब यांनी, मागे न बघता हात पुढे केला आणि म्हणाले, "कुणाकडं काय हाय का कापाय?"

सगळ्यांनी खिसे चाचपले. माझ्या खिशात एसटीचं तिकीट आणि बडीशेपेची पुडी निघाली. विजयसिंहांनी गाडीतनं पात्याचा कटर आणला, कचकन नळी कापली, आणि आप्पा म्हणाले, "विजयसिंहराव असले की काळजी न्हाय." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "जावईबापू, तुमी सावलीत बसा."

मी सावलीत बसलो आणि तिथेच ठरवलं की एक उत्तम चाकू घ्यायचा. मिटणारा, खिशात मावणारा, रोजच्या वापराचा. पुढच्या वेळी आप्पांनी हात पुढे केला की त्या हातात माझा चाकू पडला पाहिजे.

मी वालचंदनगरला कारखान्याच्या स्टोअर्समध्ये कारकून आहे. कारकून वस्तू घेत नाही, तो आधी अभ्यास करतो. रोज संध्याकाळी क्वार्टरच्या गॅलरीत बसून मी मोबाइलवर चाकूंचे व्हिडिओ बघू लागलो. त्यात कुठलातरी परदेशी दाढीवाला जंगलात बसून लाकूड तासायचा आणि मी इकडे मान डोलवायचो. पोलाद कोणतं, मूठ कशाची, लॉक कसलं, धार किती अंशाची, सगळं पाठ झालं. मुलाच्या दहावीलाही मी एवढा अभ्यास केला नव्हता.

"घरात दोन विळ्या हायत," योगिनी म्हणाली. योगिनी ही माझी बायको.

"विळी खिशात बसते का?"

"तुमी कुठं जाणार हाय तिला खिशात घिऊन?"

मी चपला घातल्या आणि बारामतीची एसटी पकडली.

बारामतीत मुजम्मिलभाईंचं कुलपं, कात्र्या आणि सुऱ्यांचं दुकान आहे. मी आत जाऊन जाणकारासारखा काउंटरवर रेललो.

"रोजच्या वापराचा चाकू दाखवा. चांगल्यातला."

"काय कापणार?" मुजम्मिलभाईंनी विचारलं.

इतक्या दिवसांच्या अभ्यासात हा प्रश्न कुठेच आला नव्हता.

"असंच. येईल ते."

"येतं काय रोज?"

"फायलींची दोरी," मी म्हणालो. मग आवाजात जोर आणून म्हणालो, "मिटणारा पाहिजे. आणि फुल टँगच पाहिजे."

मुजम्मिलभाईंनी हातातलं कुलूप खाली ठेवलं. "साहेब, फुल टँग म्हंजे पातं मुठीच्या शेवटापतोर. मग त्यो मिटून जाणार कुठं?"

"तेच मी बघत होतो, तुम्हाला माहिती आहे का," मी म्हणालो. (नोकरीत वीस वर्षं मी याच वाक्यावर काढली आहेत.)

शेवटी त्यांनी एक काळ्या मुठीचा चाकू काढला. खटकन उघडला, वर्तमानपत्राचा कागद नुसता टेकवला तर त्याच्या दोन पट्ट्या झाल्या. मी डाव्या हाताच्या मनगटावर पातं हलकेच फिरवून पाहिलं, तर केस साफ. मला गहिवरून आलं. पैसे दिल्यावर मी हात पुढे केला, पण मुजम्मिलभाईंनी चाकू काउंटरवर ठेवला. "उचला तुमी. हातात दिला तर भांडणं लागत्यात, आन तुमी भांडाय वालचंदनगरवरनं येणार, उगाच एसटीचा खर्च."

पुढचे काही महिने फार सुखाचे आणि फार निष्फळ गेले. चाकू खिशात, पण कुणी मागेना. ऑफिसात बिस्किटाचा पुडा आला की मी "थांबा" म्हणायचो. एका हातानं चाकू उघडायची माझी खटपट संपेपर्यंत पुडा कुणीतरी दातांनी फोडलेला आणि निम्मा खाल्लेला असायचा. करमेना म्हणून मी रोज धार तपासायचो. डावा हात मनगटापासून कोपरापर्यंत गुळगुळीत झाला. योगिनीला वाटलं हा काहीतरी त्वचेचा रोग आहे. तिनं मलम आणलं आणि मी मुकाट्यानं लावून घेतलं.

आणि मग मे महिन्यात माझ्या मेव्हण्याचं, संदेशचं लग्न निघालं.

सकाळी सणसरला मांडवात हळद लागली. आमच्याकडे हळद लागलेल्या नवरदेवाच्या हातात लोखंड लागतं. टोकाला लिंबू टोचलेली कट्यार घेऊन तो अक्षता पडेपर्यंत वावरतो, नाहीतर नजर लागते, भुतंखेतं मागं लागतात आणि मावशा बोलतात. भुतांपेक्षा मावशांचीच धास्ती जास्त. तर ती कट्यार शेरवानीबरोबर भाड्यानं आणायचं काम विजयसिंहांकडे होतं. शेरवानी आली, फेटा आला, मोजड्या आल्या. कट्यार बारामतीत राहिली.

विजयसिंह विसरले. हे वाक्य मी मनात तीनदा म्हटलं, इतकं ते गोड होतं.

ते तसेच गाडी घेऊन बारामतीला पळाले. इकडे पिवळा झालेला संदेश पाटावर अडकला. लोखंडाशिवाय त्याला पाटावरून उठता येईना, आणि अंघोळीचं पाणी तर निवत चाललेलं. कुणी विळी आणली, तर सासूबाई, प्रयागबाई, म्हणाल्या, "नवरा हाय त्यो, भाजी निवडायला बसलेला न्हाय." कुणी कोयता आणला, तर आप्पा म्हणाले, "लगीन हाय का ऊसतोड?" मग आप्पांनी सगळ्या मांडवावरून नजर फिरवली आणि म्हणाले, "अरं, कुणाकडंच एक बरा चाकू न्हाय का?"

मी उठलो. माझ्या आयुष्यात मी इतक्या सावकाश कधीच उठलो नव्हतो. खिशातनं चाकू काढला आणि एका हातानं उघडायला गेलो. तिसऱ्या खेपेला उघडला. पातं उन्हात चमकलं आणि बायका "अगं बया" म्हणाल्या.

"हातात नगा देऊ," प्रयागबाई म्हणाल्या. मी चाकू जमिनीवर ठेवला, संदेशनं उचलला, एका मावशीनं लिंबू टोचलं. आप्पा माझ्याकडे बघत होते. "जावईबापू," ते म्हणाले, "कामाला आला बघा." मला भरून आलं. योगिनीनं लांबून पदर तोंडाला लावला. (हसत होती, पण तेव्हा मला तसं वाटलं नाही.)

विजयसिंह घामाघूम होऊन मखमली म्यानातली कट्यार घेऊन आले, तेव्हा प्रयागबाईंनी त्यांना दारातच थांबवलं. "हळदीत धरलेलं लोखंड अक्षता पडंस्तोवर बदलत न्हाईत. ठिवा ती कपाटात."

मी विजयसिंहांना म्हणालो, "तुम्ही सावलीत बसा."

इथपर्यंत सगळं माझ्या मनासारखं झालं.

संदेश अंघोळ करून बाहेर आला, मित्रांनी डीजे लावला, आणि तो हात वर करून नाचायला लागला. दुसऱ्याच उडीत लिंबू पात्यावरून सरकत मुठीपर्यंत आलं आणि दोन फाका होऊन खाली पडलं. भाड्याच्या कट्यारी बोथट असतात, लिंबू त्यांच्यावर जन्मभर बसतं. माझ्या चाकूवर ते बसेना. स्वतःच्या वजनानंच ते कापलं जात होतं.

"नजर हुती, लिंबानं घेतली," एक मावशी म्हणाली. सगळ्यांना बरं वाटलं. दुसरं टोचलं. तेही गेलं. "लईच नजर हुती." तिसरं, चौथं. पाचव्याला मावशी म्हणाली, "एवढी नजर हाय तरी कुणाची?" आणि सगळा मांडव माझ्याकडे बघायला लागला.

शेवटी प्रयागबाईंनी माझ्या हातात लिंबांची पिशवी दिली. "तुमचा चाकू, तुमीच मागं ऱ्हावा."

अशा रीतीनं मी लग्नात मानाचं पद मिळवलं. नवरदेव पुढे, पिशवी घेऊन मी मागे. लिंबू पडलं की मी दुसरं पुढे करायचं. आचारी झुंबर रागानं बघत होता, कारण ती मठ्ठ्याबरोबर पानात वाढायची लिंबं होती. त्यात मुलीकडच्या एका पाहुण्यानं मला हाक मारली. "ओ वाढपी, एक लिंबू इकडं द्या." मी दिलं. मग त्याच्या शेजाऱ्यानंही मागितलं. मी जावई आहे हे सांगायला तोंड उघडलं, तोवर पुढे लिंबू पडलं आणि मला पळावं लागलं.

संध्याकाळी संदेश घोड्यावर बसून मारुतीच्या दर्शनाला निघाला. घोडा जरासा उसळला आणि फेट्याचा मागं सोडलेला शेमला निम्मा कापला गेला. मी तो उचलून लिंबांच्या पिशवीत लपवला. पुढच्या वळणावर घोड्याच्या लगामाचा गोंडा गेला. तोही पिशवीत. मग संदेशच्या कपाळावर घाम आला, त्यानं मनगटानं तो पुसला, चाकू त्याच हातात होता, आणि एका बाजूची मुंडावळी तुटून घोड्याच्या पायात पडली.

बँड थांबला.

"मुंडावळी तुटली," प्रयागबाई म्हणाल्या आणि रस्त्यातच खाली बसल्या. त्यांच्या डोळ्यांत खरोखरचं पाणी होतं. "जावईबापू, आमी तुमचं काय वाईट केलं हुतं?"

मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. योगिनीनं माझ्याकडे जे बघितलं त्यात पुढची दहा वर्षं होती. नवरी स्वरूपा तिकडे मांडवात बसलेली, मुहूर्त जवळ आलेला, आणि मी हौसेनं आणलेल्या चाकूपायी हे लग्न रस्त्यात अडलेलं. लोखंड बदलता येईना आणि हातात धरवेना.

तेवढ्यात आप्पा पुढे आले. "खाली ठिव," ते संदेशला म्हणाले. चाकू रस्त्यावर ठेवला गेला, आप्पांनी उचलला, मारुतीच्या देवळाच्या पायरीपाशी गेले आणि उकिडवे बसून त्यांनी पात्याची धार दगडावर घासायला सुरुवात केली. सरळ, आडवी, मनापासून.

ती धार! जी मी गॅलरीत बसून अंशात मोजली होती, जिच्यासाठी माझा डावा हात मुलींसारखा झाला होता. प्रत्येक घासणीला माझ्या दातांत कळ येत होती. पण जावयानं अशा वेळी फक्त पिशवी धरायची असते.

आप्पांनी पातं अंगठ्यावरून फिरवून बघितलं, लिंबू टोचलं, चाकू उलटा करून हलवला. लिंबू जागचं हललं नाही. "आता बसतंय," ते म्हणाले. मग माझ्याजवळून जाताना हळूच म्हणाले, "वस्तू चांगली हाय, जावईबापू. जरा जास्तीच चांगली हुती."

नवी मुंडावळी बांधली, बँड वाजला, अक्षता पडल्या. जेवणात लिंबू कुणालाही मिळालं नाही.

जोडपं जेजुरीला जाऊन आल्यावर चाकू परत आला. हळदीनं पिवळा आणि बोथट. पिकलं केळंसुद्धा त्यानं चेपतं, कापत नाही. मी तो कपाटात ठेवून दिला आणि विषय संपला असं समजलो.

पण संदेश आणि स्वरूपाचा संसार असा काही छान चालला की सणसरच्या मावशांनी त्याचं श्रेय चाकूला दिलं. एवढी विघ्नं स्वतःवर घेतली, मोठा गुणाचा चाकू, असं पंचक्रोशीत झालं. या डिसेंबरात आप्पांचा स्वतः फोन आला. योगिनीचा चुलतभाऊ यशराज, त्याचं लग्न ठरलं होतं.

"जावईबापू, तुमचा चाकू लागतोय. चार दिस आधीच घिऊन या."

चार दिवस आधी. विजयसिंहांना दोनच दिवस आधीचं बोलावणं होतं, मी खात्री करून घेतली. मी रजा टाकली, ऑफिसात सगळ्यांना सांगितलं, नवीन शर्ट शिवला. लग्नात सगळं सुरळीत झालं. एकही लिंबू पडलं नाही. अक्षता पडल्यावर आप्पांनी माइक घेतला आणि म्हणाले, "ज्यांच्यामुळं आपल्या घरची दोन लग्नं निर्विघ्न पार पडली, त्यांचा मान करायचा हाय. जावईबापू, वर या."

मी स्टेजवर चढलो. समोर सगळं गाव होतं, विजयसिंह होते, योगिनी होती. आप्पांच्या हातात शाल होती. मी हात जोडले, डोळे मिटले आणि मान पुढे केली. बराच वेळ खांद्यावर काही पडलं नाही, तेव्हा मी हळूच डोळे उघडले. माझ्याशेजारी पाटावर चाकू ठेवला होता. प्रयागबाईंनी त्याला हळदीकुंकू लावलं होतं आणि आप्पा शालीची घडी उलगडून ती त्याच्याभोवती नीट गुंडाळत होते. खालून फोटोग्राफर मला हातानं खुणावत होता.

"पाव्हणं," तो म्हणाला, "जरा बाजूला सरका. फोटोत चाकू येत न्हाय."