आबू ते पोलादपूर, मार्गे धार

बापू पवारांच्या छातीत दुखू लागले म्हणून त्यांना महाडच्या एका दवाखान्यात नेले, तेव्हा मी सोबत होतो. छातीला तारा चिकटवलेल्या, नाकातोंडावर प्राणवायूचा मुखवटा. तरुण डॉक्टर तपासण्यासाठी वाकले, तशी बापूंनी मुखवटा बाजूला सारला आणि विचारले, "आडनाव शिंदे म्हणालात. देवक कुठलं?"

डॉक्टरांना ते सांगता येईना. बापू माझ्याकडे वळले. "नाझरसाहेब, ज्याला स्वतःचं देवक ठाऊक नाय, त्याच्या हातात माझं काळीज देताय?"

दुखणे वाताचे निघाले. प्रश्न मात्र आजतागायत अनुत्तरित आहे, आणि त्या डॉक्टरांना बापूंनी दोन स्मरणपत्रे पाठवली आहेत.

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी नमूद करतो. देवक म्हणजे लग्नाच्या मांडवात ज्याची पूजा होते ती कुळाची खूण. कुणाचे कळंबाचे पान, कुणाचे मोराचे पीस. बापूंच्या पवारांचे तलवार. ज्यांचे कूळ आणि देवक एक, ते आपसांत भाऊबंद. त्यांच्यात सोयरीक होत नाही. पुढील सर्व प्रकरण ह्या एका नियमावर उभे आहे.

बापू एस.टी.तून वाहक म्हणून निवृत्त झाले. महाड-पोलादपूर रस्त्यावर त्यांनी उभे आयुष्य तिकिटे फाडली आणि उतारूंची आडनावे विचारली. राजपुतांचे परमार ते आपले पवार, ही त्यांची श्रद्धा. त्या परमारांच्या शाखा कुठून कुठे गेल्या हे शोधणे, हा त्यांचा धर्म. पण इतिहास सांगतानाही त्यांची भाषा बसस्थानकाचीच. "आबूचा पहाड हे मूळ आगार. वसिष्ठांच्या अग्निकुंडातून पहिली गाडी सुटली. चंद्रावतीला थांबा. एक फाटा जालोरकडे, एक वागडकडे, थेट गाडी धारला. धारला मोठा मुक्काम. तिथून दक्षिणेची गाडी पकडली ते आपण. शेवटचा थांबा पोलादपूर!" हे म्हणताना त्यांचा हात नकळत वर, घंटीच्या दोरीकडे जातो.

त्यांच्या तडाख्यातून कुणी सुटत नसे. आमच्या आळीतले ट्रकमालक इब्राहिमशेठ ह्यांनाही त्यांनी एकदा चंद्रावतीच्या फाट्यावर उतरवून पाहिले. शेठ हसून म्हणाले, "बापू, आमचे वाडवडील गलबतातून आले. तुमची एस.टी. पाण्यातून जात नाही." बापूंनी तशी नोंद घेतली.

मी दिवाणी न्यायालयात नाझर होतो. पुराव्यावाचून केलेल्या विधानाने माझे रक्त उकळते. नगरपालिकेपासून पंचांगकर्त्यांपर्यंत सर्वांना मी त्याबाबत लेखी कळवलेले आहे. मग शेजाऱ्याला सूट का द्यावी? आमच्या दोन दारांत बारा पावलांचे अंतर आहे, तरी आमचा पत्रव्यवहार टपालाने चालतो, कारण पोचपावतीशिवाय दिलेल्या हरकतीला मी हरकत मानत नाही. मी लिहावे, 'विषय: वागड शाखेच्या निराधार नोंदीबाबत.' बापूंनी जुन्या वेबिलाच्या, म्हणजे वाहकाच्या तिकीट-हिशेबाच्या तक्त्याच्या, पाठकोऱ्या कागदावर उत्तर द्यावे, 'आपला आक्षेप पुढील थांब्यावर विचारात घेण्यात येईल.' मला ते 'चेकर' म्हणतात. आळीत कुणी विचारले तर सांगतात, "बाकी सगळे उतारू. हा माणूस चेकर."

वंशावळ त्यांनी मांजरपाटावर शाईने रेखली होती. ती गच्चीवर अंथरली की इंदूवहिनी, म्हणजे त्यांच्या पत्नी, चार कोपऱ्यांवर चार तांबे ठेवत. वहिनी बोलायला कमी. संध्याकाळी दोघे गॅलरीत बसत. तिथे बापूंनी मोडीत निघालेल्या गाडीतले दोघांचे बाक आणून ठेवले आहे. बाहेरच्या कडेला बापू, कारण वाहकाला उठावे लागते.

त्यांना मूलबाळ नाही.

हे वाक्य मी एवढ्यावरच सोडले असते, परंतु पोलादपूरवरच्या खोऱ्यात त्यांचे जे गाव आहे, तिथल्या भावकीने ते कधीच एवढ्यावर सोडले नाही. ही वंशावळ काचेत बसवून ग्रामदेवतेच्या देवळात लावायची, असे ठरले तेव्हा भावकीतले वडीलधारे तात्या माझ्यासमक्ष म्हणाले, "लाव की रे बापू. पन ज्या झाडाला फळ नाय, त्यानं वंशवृक्ष काढायचा म्हंजे मजाच हाय!" बैठक हसली. बापूही हसले. वहिनी चहाचे कप गोळा करत होत्या. त्या कप मोजल्यासारखे करत आत गेल्या. तात्यांना मी त्याच आठवड्यात दोन पानी निषेधपत्र पाठवले. त्यांनी ते स्वीकारले नाही.

शिमग्याच्या पालखीला वंशावळ लागायची होती. त्याआधी बापूंनी ती अंतिम तपासणीसाठी माझ्याकडे दिली, आणि माझा संताप अनावर झाला. चौथ्या कच्च्या खर्ड्यात धारच्या खालून निघालेली दळवी नावाची एक उपशाखा होती. स्थळभेट, वृद्धांची जबानी, देवक तलवार: इतका भक्कम पुरावा बापूंनी दुसऱ्या कुठल्याच शाखेला जोडला नव्हता. अंतिम कापडावर मात्र नेमक्या त्या जागी पांढऱ्या मांजरपाटाचे ठिगळ. बारीक, सुबक टाके. मी तत्काळ लिहिले: 'सिद्ध झालेली शाखा हेतुपुरस्सर दडपल्याचे दिसते. सात दिवसांत लेखी खुलासा करावा, अन्यथा सदर बाब भावकीच्या निदर्शनास आणली जाईल.'

खुलासा लेखी आला नाही. बापू स्वतः आले. बारा पावले चालून, पायात चपला नसताना.

"चेकर," ते खुर्चीच्या कडेवर टेकत म्हणाले, "दळवी म्हंजे आमच्या हिचं माहेर."

"हिचा बाप ही लहान असताना गेला. मामानं वाढवली, मामानंच लग्न लावून दिलं. मांडवात मामानं आपलं देवक मांडलं, कळंबाचं. कुणी काय विचारलं नाय. आता मी शाखा शोधत हिच्या बापाच्या गावी गेलो, तर म्हाताऱ्यानं आतून तलवार काढून दाखवली. आमचीच. एक कूळ, एक देवक."

"बापू, हिंदू विवाह कायदा सपिंड नात्याला मनाई करतो, देवकाला नव्हे. तुमचा विवाह शंभर टक्के वैध आहे. मी लेखी देतो."

"कायद्याला कोण भितो? तात्या हाय ना!" ते म्हणाले. "एका देवकात लगीन केलं म्हणून कूस उजवली नाय, असंच म्हणणार ते. आजवर तिला एकटीला बोल लागला तो फुकटचा, पुराव्याशिवाय. आता पुरावा मी माझ्या हातानं देवळात टांगू?"

आम्ही दोघेही टेबलावरच्या माझ्या रबरी शिक्क्यांकडे पाहू लागलो. त्यांतला एकही उपयोगाचा नव्हता.

पालखीच्या दिवशी काच लागली, गुलाल पडला. तात्यांनी चष्मा चढवून आबूपासून पोलादपूरपर्यंत बोट फिरवले आणि ठिगळावर थांबवले. "हितं काय हाय? आमचा आजा म्हनायचा, कोण दळवी आपल्यातलेच हायत. ते कुठं गेले?" मग सगळी भावकी माझ्याकडे वळली. "नाझरसाहेब, तुमी कागद तपासलात ना? तुमी तर खोटं बोलायचे नाय."

बापू खांबाला टेकून उभे होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलेही नाही.

"सदर शाखेची नोंद," मी म्हणालो, "पुराव्याअभावी करता येत नाही."

हे विधान मी देवळात, वहाणा बाहेर काढून, पूर्ण शुद्धीत केले. नाझराचा शब्द म्हणून ते मान्य झाले. आणि बापूंचा हात वर गेला. तिथे दोरी नव्हती, देवळाची घंटा होती. त्यांनी ती दोनदा वाजवली, टण टण. गाडी सुटली.

दुसऱ्या दिवशी वेबिलाच्या पाठीवर पत्र आले. 'विषय: रविवारचे जेवण. घावने आहेत. हरकत चालणार नाही.'

जेवताना बापू खोबऱ्याचा रस आणायला आत गेले, तेव्हा वहिनी तव्यावरचे घावन उलटत, माझ्याकडे न पाहता म्हणाल्या, "भावजी, देवळात तुमी खोटं बोललात."

मी घास खाली ठेवला.

"ठिगळ माझ्या हातचं हाय. शाई सांडली म्हणाले, टाके घाल. मला वाचता येतं." त्यांनी घावन ताटात सोडले. "लगीन होऊन आले तवा सासूनं घरात घेऊन तलवारीच्या पाया पडायला लावलं, तवाच वळखली मी. माझ्या बापाच्या देव्हाऱ्यात तशीच होती. सांगितलं असतं तर ह्यांची मान खाली गेली असती भावकीत. मग नाय सांगितलं. तुमी बी सांगू नका."

"काय गो, काय कुजबुज?" बापू रसाचे पातेले घेऊन दारात उभे.

"काय नाय. भावजींना मीठ कमी लागतंय."

एकाच गोष्टीबाबत दोन पक्षकार, दोघांनी ती परस्परांपासून लपवलेली, आणि दोघांचाही साक्षीदार मी. अशा प्रकरणी काय करावे ह्याची तरतूद मला कुठेही सापडलेली नाही. नावे मी इथे बदलली आहेत; तेव्हा कुणा दळवींनी मला पत्र पाठवू नये. बापूंच्या वाचनात हा मजकूर येण्याची भीती नाही, कारण चारशे वर्षांपेक्षा ताजे ते काही वाचत नाहीत.

हात धुऊन मी निघालो. दाराशी वळून पाहिले. दोघे गॅलरीतल्या बाकावर बसले होते. वहिनी कडेला बसू लागल्या, तर बापूंनी त्यांना आत सरकवले. "तू खिडकीकडं बस," ते म्हणाले. समोर खिडकी नव्हती, आमच्या आळीची भिंत होती. वहिनी सरकल्या आणि तिच्याकडे पाहत बसल्या, बाहेर घाट लागल्यासारख्या.