हळू जाणारी फटफटी

चांगली पळणारी फटफटी कुणी मुद्दाम हळू करून घेतलेली तुम्ही पाहिली आहे का? मी पाहिली आहे. करून घेणारा माणूस आमच्या भिंतीला भिंत लावून राहायचा, त्यामुळे त्या कामाची ठोकठोक ऐकली आहे, धूर खाल्ला आहे आणि घरातला एक रांजणही गमावला आहे.

वऱ्हाडातल्या मालेगावच्या कचेरीत तायडे साहेब शेतीचे विस्तार अधिकारी होते आणि मी तिथला बाबू. गोष्ट सत्तरच्या दशकातली. दुष्काळ नुकता सरला होता, आणि गावात फटफट्या अशा होत्या की आवाजावरून मालक ओळखावा. साहेबांनी अकोल्याच्या एका ठेकेदाराची वापरलेली गाडी घेतली. दोन सायलेन्सरची, लांब सीटची, लांबच्या प्रवासासाठीच घडवलेली. उताराला लागली की एस.टी.ला मागे टाकायची. आणि साहेब तिला ओसरीवर उघडून बसले.

साहेब बुटके, रुंद, आणि हट्टी. 'हे असं नसतं' म्हटलं की त्यांचा एकच सवाल: "कोन्त्या कायद्यात लिवलं?" चहात चिमूटभर मीठ घालायचे. आमची सौ. म्हणाली, "भाऊजी, चहात कोनी मीठ टाकते का?" तर म्हणाले, "वहिनी, कोन्त्या कायद्यात लिवलं नाई टाकाचं?" मे महिन्यात कोट घालून कचेरीत यायचे. मोठ्या साहेबांनी भुवई उंचावली, तेव्हा त्यांनाही हाच सवाल. मोठ्या साहेबांनी खरोखरच कायद्याचं पुस्तक काढलं, पंखा लावून वाचलं, आणि ठेवून दिलं.

त्यांचं गाव मालेगावहून दोनेक कोसांवर. नाव सांगत नाही, तिथं माझे पाहुणे आहेत. वेशीतून आत गेलं की एकच मोठी गल्ली. गल्लीच्या मधोमध चौक, चौकात मोठ्या घराचा ओटा, आणि ओट्यावर दिवसभर रिकामी माणसं. तायड्यांची वस्ती गल्लीच्या पार पलीकडच्या टोकाला. जुनी रीत अशी की त्यांच्या माणसांनी त्या चौकातून पायताण हातात घेऊन जायचं, आणि कशावर बसून आले असतील तर उतरायचं. छप्पन साली वस्तीनं धम्म घेतला, घरातले देव नदीत सोडले. रीत कधीच मेली म्हणायची. पण ओटा होता तिथंच होता, आणि त्यावरच्या माणसांची नजरही.

गाडी घेतल्यावर साहेब पहिल्यांदा गावात गेले आणि गाडी नेमकी त्या ओट्यासमोर बंद पडली. पहिल्या गिअरातसुद्धा ती गाडी माणसाच्या चालीनं चालायला तयार नव्हती. दोन गचके दिले, प्लग ओला झाला, संपलं. साहेबांनी किका मारल्या, कोट घामानं भिजला. शेवटी उतरून ढकलावी लागली. ओट्यावरून कुणीतरी मजेत म्हणालं, "उतरला ना शेवटी?" आणि सगळा ओटा हसला.

दुसऱ्या दिवशी हे मला त्यांनीच सांगितलं. त्यांच्या कपाळाची शीर उडत होती.

मी म्हटलं, "पण साहेब, चौकातून एवढी हळू काहून चालवली? भुर्रकन काढाची होती."

"भुर्रकन नाई जाचं मले," ते म्हणाले. "हळू जाचं. मानसाच्या चालीनं. बसून. पाय टेकवाचा नाई आन् गाडी बंद पडू द्याची नाई."

"म्हंजे ओट्याले तोरा दाखवाचा हाय?"

"तसंच समजा, बाबू."

मी तसंच समजलो. वाईटही वाटलं नाही. त्या ओट्याला कुणीतरी तोरा दाखवायलाच हवा होता.

इथून ती ठोकठोक सुरू झाली. सायकल चालवणाऱ्याला हे चटकन कळेल: मागच्या चाकाची गरारी, म्हणजे चेनीची दातेरी चकती, मोठी केली की ओढ वाढते आणि पळ कमी होतो. साहेब कारंज्याला गेले, कापसाच्या जिनिंगच्या भंगारातून एक जाडजूड लोखंडी चकती उचलली आणि अकोल्याच्या लेथवाल्यापुढे टाकली. लेथवाला म्हणाला, "साहेब, तुमी उलटं सांगून राह्यले. मांगची गरारी लहान करा, गाडी हवेसारखी पळन."

"मले पळाचं नाई."

"मंग गाडी कायले घेतली?"

"बसाले."

गरारी आली ती भाकरीच्या काठवटीएवढी. चेन पुरेना. जोड घालून ती वाढवली, तर इतकी सैल झाली की बाजाराच्या दिवशी भर रस्त्यात निसटली आणि एका म्हशीच्या पायात गेली. म्हैस शहाणी, उभी राहिली. साहेबांनी तिच्या पायातून चेन सोडवली आणि तिच्या मालकाला गाडीची तत्त्वं समजावून सांगितली. चेनीवरचं झाकण आता बसेना, म्हणून तेलाच्या डब्याचा पत्रा कापून नवं झाकण केलं. त्यावर अर्धा 'शुद्ध' शब्द शेवटपर्यंत दिसायचा.

पण गाडी झाली मनासारखी. पहिल्या गिअरात टाकली, क्लच सोडला, की फट्... फट्... फट्... करत वरातीसारखी चालायची. आमच्या आळीत एक काळं कुत्रं होतं. फटफटीमागे भुंकत धावणं हा त्याचा पिढीजात धंदा. ते त्वेषानं धावत आलं आणि चार उड्यांत गाडीच्या पुढे निघून गेलं. थांबलं, वळून पाहिलं, आणि बिचारं खाली मान घालून गाडीच्या बाजूनं चालू लागलं. पुढे ते साहेबांना आळीच्या टोकापर्यंत पोचवायलाच जायचं. मोठ्या सडकेवर गाडी थोडी पळायची खरी, पण आवाज असा करायची की आता फुटते की मग. पोस्टमन सायकलवरून तिला मागे टाकून जाताना घंटी वाजवायचा. कचेरीत तर कुणीतरी साहेबांचं नाव हळू सायकलच्या शर्यतीत परस्पर देऊन टाकलं. साहेब खरंच जाऊन उभे राहिले. फटफटीवर. पंचांनी हरकत घेतली, तेव्हा त्यांनी काय विचारलं ते सांगायला नको.

इथं थांबले असते तर आमचा रांजण वाचला असता. पण एका रविवारी ते म्हणाले, "बाबू, आता काच बसवाची."

"एवढ्या हळू गाडीले काच?"

"सडकीवर वारा लागते."

"मंग रुमाल बांधा कानाले."

त्यांनी माझ्याकडे दयेनं पाहिलं. अकोल्याच्या दुकानांच्या पाट्या करणाऱ्याकडून त्यांनी जाड आरपार प्लास्टिक आणलं होतं. ते निखाऱ्यावर तापवायचं आणि कशाच्या तरी पोटावर दाबून गोल वाकवायचं. कशाच्या, तर आमच्या रांजणाच्या. त्यांनी मागितला, मी पाणी भरायला म्हणून दिला. पहिला तुकडा पापडासारखा फुगला आणि आळीभर असा वास सुटला की लोक आमच्याच घरात काय जळलं ते विचारायला आले. दुसरा तुकडा झकास वाकला, आणि त्याच वेळी रांजण तडकला. सौ. दारात उभी राहून म्हणाली, "रांजन गेला, आन् काच पाहा कशी शाबूत हाय!" साहेब शरमले. दुसऱ्या दिवशी कुंभाराकडून नवा रांजण फटफटीच्या मागच्या सीटवर बांधून घेऊन आले. उतरवताना मला म्हणाले, "पाह्यलं? हळू गाडीचा फायदा. टवकासुदिक नाई उडाला." म्हणजे रांजण फोडूनसुद्धा जिंकले तेच.

काच उभी केली तर ती त्यांच्या डोक्याच्याही हातभर वर गेली. त्या काचेमागे साहेब दुकानातल्या बरणीत ठेवल्यासारखे दिसायचे. मी म्हटलं, कापा थोडी. उलट त्यांनी मला विचारलं, "बाबू, तुमचा लग्नातला फेटा हाय का?"

तो फेटा मला बांधला, मला मागच्या सीटवर बसवलं, पाठ ताठ ठेवायला सांगितली आणि सडकेवर नेलं. थोडं पुढे जाऊन ओरडले, "हाय का डोक्शावर?" नव्हता. बाभळीवर होता. तो काढला, बाभळीच्या वाट्याचा तुकडा तिथंच राहिला. काच चार बोटं वर घेतली. पुन्हा मी, पुन्हा फेटा, पुन्हा "हाय का?" शेतात निंदणाऱ्या बाया कंबरेवर हात ठेवून पाहत होत्या. एकीनं तर विचारलं, "वो भाऊ, नवरदेव मांगं काहून बसला?" असं तीन रविवार चाललं. शेवटी काच अशी बसली की भर वेगातही फेट्याचा शेमला हलेना. साहेबांनी माझ्या पाठीवर एक थाप मारली. मला मात्र कळेना, बिनटोपीच्या या माणसाला फेट्याची एवढी काळजी कशाला. त्यांची बायको अनसिंगला मास्तरीण, शनिवारी यायची. तिला विचारलं, तर म्हणाली, "मले ठाऊक हाय. पन मी नाई सांगत."

मग बाजाराच्या दिवशी साहेबांचे वडील आले. पायीच आले. जन्मभर पायीच चाललेला माणूस, गावाची वर्दी पोचवत आणि साहेब लोकांचं सामान वाहत. मुलगा बुटका, पण बाप चांगला उंच, ताठ, डोक्यावर पांढराशुभ्र फेटा. साहेब त्यांना 'बा' म्हणायचे आणि त्यांच्यापुढे कायद्याची भाषा बोलायचे नाहीत. संध्याकाळी साहेब त्यांना घरी पोचवायला निघाले. मलाही पाहुण्यांकडे जायचं होतं, म्हणून मी सायकल काढली. त्या गाडीबरोबर सायकलनं जायला काहीच अडचण नव्हती.

बुढा मागच्या सीटवर बसला. फेटा बरोबर काचेच्या कडेच्या चार बोटं खाली आला. मला बाभळीवरचा माझा फेटा आठवला आणि मी सायकलवर बसायचं विसरून तसाच उभा राहिलो.

वाटेत शेमला हलला नाही. वेस आली, आणि बुढ्यानं मुलाच्या खांद्यावर हात ठेवला. "थांबव."

"बा, बसून राह्य ना."

बुढा उतरला. वाकून चपला काढल्या आणि बगलेत घेतल्या. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी समोर नव्हतं. साहेब कळवळून म्हणाले, "बा, कोन्त्या कायद्यात लिवलं हे?"

"कायद्यात नाई रे बापू," बुढा शांतपणे म्हणाला. "पायात हाय थे."

आणि अनवाणी चालू लागला. साहेबांनी पहिला गिअर टाकला आणि त्याच्या बाजूनं गाडी घेतली. फट्... फट्... फट्... बापाच्या चालीनं. एक वीत पुढे नाही, एक वीत मागे नाही. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. पहिल्या दिवशी गाडी हळू का चालवली होती ते आता कळलं. तोरा कसला! त्या दिवशीही बाप असाच बाजूनं पायी चालत असणार. मुलाला उतरायचं नव्हतं, आणि बापाला सोडून पुढेही जायचं नव्हतं. मी सायकलवरून उतरलो आणि हातात धरून मागे चालू लागलो. 

चौक आला. ओटा भरलेला होता. मागच्या वेळचाच आवाज आला, "काय साहेब, आज ढकलत नाई का?"

"नाई काकाजी," साहेब समोर बघत म्हणाले. "आज बसूनच हाय."

कुणी हसलं नाही. पण तेवढ्यात इंजिनाचा आवाज बदलला. तापलं होतं ते, खोकायला लागलं होतं. साहेबांनी रेस दिली, गाडी डगमगली, पण पाय त्यांनी टेकवला नाही. माझ्या मनात आलं, आता बंद पडते, पुन्हा याच ओट्यासमोर पडते.

बुढा चालता चालता गाडीला खेटून आला. त्यानं टाकीवर तळहात ठेवला, गुराच्या अंगावर ठेवावा तसा. "लय तपली रे हे," तो म्हणाला. "माह्यासाठी कायले जाळून राह्यला हिले?"

साहेब समोर पाहत रेस देत राहिले. 

बुढा थांबला आणि त्यानं एकदा ओट्याकडे पाहिलं. मग बगलेतल्या चपला खाली टाकल्या. त्या पडल्याचा आवाज चौकात सगळ्यांनी ऐकला. एक पाय घातला, दुसरा घातला, आणि मुलाचा खांदा धरून सीटवर चढला. बापाला नीट चढता यावं म्हणून तायडे साहेबांनी त्या चौकात दोन्ही पाय जमिनीवर टेकवले होते आणि गाडी घट्ट धरून ठेवली होती.

"बसला का बा?"

"बसलो."

साहेबांनी भर्रकन रेस दिली. इंजिन वाचवायचं होतं, आणि बहुधा डोळेही लपवायचे होते. तेवढ्यात मागून बुढ्यानं त्यांच्या पाठीवर बोटानं टोचलं.

"घाई कायची हाय रे?" तो फेटा सावरत म्हणाला. "हळू घे. पाहू दे साऱ्याईले."

आणि त्या गाडीइतकी हळू जाणारी गाडी तेव्हा साऱ्या वऱ्हाडात नव्हती.